आटे वाचणारे सोनकांबळे सर

नट-बोल्ट बघून तो कसणाऱ्या माणसाचा स्वभाव सांगणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो आमच्याच बिल्डिंगीत तळमजल्यावर राहतो. सोनकांबळे सर. नांदेडात तीस वर्षं त्यांनी आयटीआयच्या पोरांना फिटरचं काम शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात पेनाऐवजी अजून स्क्रूड्रायव्हर असतो.

आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा ते चहाला आले होते. कप हातात घेऊन बराच वेळ छताकडे बघत राहिले. मला वाटलं, ओल शोधताहेत.

"हा पंखा बसवणारा डावखुरा व्हता," ते म्हणाले. "आन् त्याला घरी जायची घाई व्हती. स्क्रूड्रायव्हर घसरल्याच्या खुणा बघा."

पुढे तो इलेक्ट्रिशियन दुसऱ्या कामाला आला, तेव्हा मी त्याच्या हातांवर नजर ठेवून होतो. पक्कड डाव्याच हातात. पंखा बसवला त्या दिवशी घाईत होतास का, म्हणून विचारलं. त्याने आठवून सांगितलं, हो, बायकोला दवाखान्यात नेलं होतं, मुलगी झाली त्या दिवशी. सरांना हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. मुलगी कशी आहे, एवढंच विचारलं.

ढिला स्क्रू दिसला की त्यांना राहवत नाही. उदगीरला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. नवरदेवाची खुर्ची करकरत होती. बाकीचे आहेराच्या रांगेत उभे होते आणि सर स्टेजच्या मागून खुर्चीखाली शिरले. अल्बममध्ये तो फोटो आहे: पुढे नवरा-नवरी, आणि नवऱ्याच्या पायांमागे आणखी दोन पाय. बाहेर आल्यावर त्यांनी नवरदेवाला सांगितलं, "संसाराचं मला माहीत न्हाई, खुर्ची आता हलत न्हाई." कॉलनीत काहीजण म्हणतात की सरांचाच एक स्क्रू ढिला आहे. हे सरांच्या कानावर गेलंय. त्यांचं म्हणणं, असंल, पण स्वतःचा स्क्रू स्वतःला दिसत न्हाई, कुणातरी दुसऱ्याला बघावा लागतो.

तर अशा माणसाकडे मी माझी सायकल घेऊन गेलो.

सायकल मुलाची. तो पुण्याला गेला आणि ती जिन्याखाली पडून राहिली. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, मग मी ती बाहेर काढली. पायडल मारलं की कटकट आवाज यायचा. आतले बेअरिंगचे छर्रे बदलायचे तर आधी पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, एक्सलवरून निघायला हवा. मी फोनवर व्हिडिओ बघितला, क्रँक ओढून काढायचा पुलर मागवला आणि कामाला लागलो. क्रँक हलला नाही. माझा पुलर मात्र एकदम सैल फिरला आणि आतून चांदीसारखा चुरा पडला. पुलर ज्यात बसतो, ते क्रँकचे आटे झिजून गेले होते.

सरांना मी सांगितलं, सायकलच्या दुकानदाराने वाट लावली.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि क्रँकच्या भोकात बॅटरी मारली.

"हे दुकानदाराचं काम न्हाई, बिराजदार. दुकानदार आळशी असतो, तो एवढा जोर लावत न्हाई. ह्यानं पुलर तिरका घातला, दोनच आटे धरले, आन् राग आल्यावर ताकद लावली. घरचाच माणूस हाय. रविवार असंल."

रविवारच होता. मी कबूल केलं.

त्यांनी पुलर जपून पुन्हा घालून बघितला, तो निसटला. तेल सोडून दोन दिवस ठेवलं. मी हातोडी सुचवली तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू लेकराला मारायचं म्हणालो. मग ते म्हणाले, आता एकच उपाय, क्रँक धरून ठेवणारा बोल्ट काढायचा आणि सायकल चालवायची. क्रँक ज्या पायानं बसतो, त्याच पायानं निघतो. रोज थोडं चालवलं की आपोआप सैल होईल. मात्र एकट्यानं चालवायची नाही, ते मागून येतील, त्यांची नजर राहील.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सकाळी लोहा रोडला जायला लागलो. मी पुढे, सर त्यांच्या काळ्या सायकलीवर मागे. वाटेत ते मागून बोलत असायचे. एका फलकाखाली त्यांनी मला थांबवलं: चार बोल्टांपैकी तीन एकानं कसलेत, चौथा दुसऱ्यानं, पहिला चहा प्यायला गेला असणार. मला गंमत वाटायला लागली. दिसेल त्या बोल्टाबद्दल मी विचारायला लागलो. परत आलो की सर बोल्ट पुन्हा लावून ठेवायचे, कुणी पोरानं सायकल नेली तर पाय मोडेल म्हणून. मी आंघोळीला वर जायचो. रोज विचारायचो, निघाला का? रोज उत्तर एकच, "लई घट्ट हाय, उद्या बघू."

नवव्या दिवशी चढावर मी जोर दिला आणि डावा पाय क्रँकसकट हवेत गेला. सायकल एकीकडे, मी रस्त्याकडेच्या मुरमात. कोपर सोललं, रक्त आलं. सर धावत आले. बाटलीतलं पाणी त्यांनी कोपरावर थेंबाथेंबानं ओतलं. इतका हळू हात मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

"लागलं का लई?"

मी म्हणालो, खरचटलंय फक्त. उलट बरंच झालं, शेवटी निघाला एकदाचा.

त्यांनी क्रँक उचलला आणि त्याच्या चौकोनी भोकावरून बोट फिरवलं. भोक झिजून पार गोल व्हायला आलं होतं.

"हा तिसऱ्याच दिवशी सैल झाला व्हता," ते म्हणाले. "तुम्ही वर गेले की मीच परत आवळून राहिलो व्हतो."

मला आधी कळलंच नाही. मग राग आला. मी सायकल ढकलत निघालो. सर त्यांची सायकल ढकलत बाजूने चालले, क्रँक त्यांच्या कॅरिअरला. अर्ध्या रस्त्यात मी विचारलं, का केलं असं?

"तीस वर्षं सकाळी आठाला वीस पोरं वर्कशॉपच्या दारात उभी असायची. घरी शोभाची आई व्हती. ती गेली. पोरगी शोभा देगलूरला, तिच्या संसारात. खाली कुणीतरी वाट बघून राहिलंय म्हणल्यावर माणूस दाढी करतो, बिराजदार. ह्या नऊ दिवसात मी रोज केली. तुमचं कोपर फुटंल असं मला वाटलं न्हाई. चुकलं माझं."

मी म्हणालो, कोपराचं काही नाही.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी बाजारातून नवीन क्रँक आणला आणि नवे छर्रे टाकून सायकल तयार करून दिली. कटकट गेली. बोल्ट त्यांनी बेताचाच कसला, मला तो स्वतः हात लावून बघायला लावला, आणि आता काळजी नाही, म्हणून दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपराला पट्टी बांधून मी खाली उतरलो आणि त्यांची बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला. सर बनियनवर होते, डोळ्यांवर झोप, हनुवटीवर पांढरी खुरटी दाढी. आधी सायकलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय बिघडलं?"

"काही नाही. चला, उशीर होतोय."

त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला.

"धा मिनिटं थांबा," ते म्हणाले आणि लगबगीनं आत गेले. दार उघडंच राहिलं. मी पायरीवर बसलो.