एलोजी सुभेदारांनी केलेला विधवाविवाह

मुलांनो, ही गोष्ट खरं म्हणजे एका जंगलात घडायला हवी होती. पण जंगलात कोणी सभा भरवत नाही आणि ठरावही करत नाही. म्हणून ती एका राज्यात घडली.

त्या राज्याची राणी समुद्रापलीकडे राहायची. तिचा नवरा वारला होता आणि ती नेहमी काळे कपडे घालायची. प्रजा तिच्यापुढे वाकायची. राणीही एक विधवाच आहे, हे कोणाच्या डोक्यात यायचं नाही. डोकी वाकलेली असली की असं होतं.

त्या राज्यात खाडीकाठी एक गाव होतं. गावात बने इस्राएलांची, म्हणजे यहुदी लोकांची, चाळीसएक घरं होती. ते घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यात कोणाला काही कमीपणा वाटत नव्हता.

मग एलोजी सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन गावी आले. त्यांना कमीपणा वाटू लागला.

त्यातच विलायतेतल्या बड्या यहुदी मंडळींचं त्यांना पत्र आलं. पत्रात विचारलं होतं, "तुम्ही नक्की आमच्यापैकीच ना? तुमच्यात म्हणे विधवांची लग्नं होत नाहीत. आपल्या शास्त्रात तर तशी मनाई नाही. पुढच्या वर्षी आमचा माणूस येऊन पाहील."

सुभेदारांना घाम फुटला. विधवांची कीव आली म्हणून नव्हे बरं का. आपण अस्सल ठरतो की नाही, या धास्तीने.

त्यांनी 'सुधारक मंडळी' काढली आणि स्वतः अध्यक्ष झाले. प्रार्थनालयाच्या अंगणात सभा भरली. सुभेदार पितळी बटणांचा कोट घालून दीड तास बोलले. "शेजाऱ्यांची चाल आपण उचलली आणि आपल्या लेकीसुनांना जिवंतपणी पुरलं," असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा स्वतःचाच आवाज भरून आला. विधवाविवाहाचा ठराव एकमताने झाला. ज्या विधवेची इच्छा असेल तिने अध्यक्षांना कळवावं, असंही ठरलं. सगळे टाळ्या वाजवून जेवायला गेले.

बायकांमध्ये मिल्का बसली होती. तेवीस वर्षांची. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी पटकीने गेला होता. सासरे हारून तेली म्हातारे झाले होते, म्हणून घाणा तीच चालवायची. बिचारी फार भोळी. तिला वाटलं, ठराव केला म्हणजे करायचाच असणार.

दुसऱ्या दिवशी ती सुभेदारांच्या ओटीवर गेली. "सुभेदारकाका, ठरावात म्हटलंय तसं कळवायला आलेय. मला लग्न करायचंय."

सुभेदारांना कोण आनंद झाला. पाहुणा येण्याआधीच विधवा सापडली. त्यांनी दौत पुढे ओढली. "शाबास पोरी. तुझं धैर्य मी विलायतेला कळवतो. वर कोण योजलाय?"

"तुमचा सिलोमन."

सिलोमन सुभेदारांचा एकुलता मुलगा, शाळेत मास्तर. टाक कागदावर टेकला होता तिथेच राहिला. शाईचा डाग पसरत गेला.

"घरी जा," सुभेदार म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मुलाला समोर उभं केलं. "हे खरं?"

"खरं आहे, बाबा. दोन वर्षं आमच्या मनात होतं. सांगायचा धीर नव्हता. तुमचं भाषण ऐकलं आणि धीर आला."

"अरे, भाषण समाजासाठी होतं."

"मग आपण कोण?"

"आपण अध्यक्ष," सुभेदार म्हणाले.

लगेच मंडळीची दुसरी सभा झाली. विधवाविवाह तत्त्वतः मान्यच आहे, असा ठराव झाला. मात्र समाज अजून तयार नाही. तो तयार होईपर्यंत जो असं लग्न करील किंवा लग्नाला हजर राहील, त्याला वाळीत टाकावं. हाही ठराव एकमताने झाला. टाळ्या तेवढ्याच पडल्या.

सिलोमन घर सोडून इसाजी काजींकडे गेला. काजी गावातली लग्नं लावायचे. त्यांना भाषण करता येत नव्हतं, इंग्रजी तर मुळीच नाही. ते म्हणाले, "शास्त्रात मनाई नाही ना? मग मी लावतो. पण लग्नाला आपल्यातले दहा पुरुष हवेत. तेवढे आण."

सिलोमन दारोदार हिंडला. सुधारक मंडळीचे सभासद घरात असून नाहीत, असं त्यांच्या बायकांनी सांगितलं. नावाडी, दोन सुतार, एक आंधळा मृदंगवाला असे करत, काजींना आणि स्वतः नवऱ्यामुलाला धरून, नऊ जण झाले. दहावा मिळेना.

मिल्का घाण्यापाशी बसून होती. हारून तेली काठी टेकत तिच्याजवळ आले.

"किती जमले?"

"नऊ, मामंजी."

मेलेल्या मुलाच्या हातची बैलाची वेसण खुंटीवर होती, तिकडे म्हाताऱ्याने पाहिलं. मग म्हणाला, "माझा सदरा धुतलेला आहे का बघ."

"मामंजी, तुम्हाला वाळीत टाकतील."

"टाकू देत. मुलगा गेला तेव्हा त्यांच्यातले दोघेच आले होते."

मिल्का सदऱ्यात तोंड खुपसून रडली. मग तिने तो झटकून त्याला दिला.

दुपारी लग्न लागलं. मनुकांच्या रसाच्या पेल्यावर काजींनी आशीर्वाद म्हटले. सासऱ्याने लेकीचा द्यावा तसा सुनेचा हात सिलोमनच्या हातात दिला. तिन्हीसांजेपर्यंत दहाही जण आणि मिल्का वाळीत पडले. त्यांना प्रार्थनालय बंद झालं. विहिरीवर त्यांच्याशी कोणी बोलेना.

सहा महिन्यांनी विलायतेचा पाहुणा आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्यात एखादी पुनर्विवाहित विधवा आहे का?"

सुभेदारांनी डोळ्यांची पापणीही न हलवता सांगितलं, "आहे की. माझी सून."

मिल्काला आणि सिलोमनला बोलावणं गेलं. प्रार्थनालयाचं दार उघडलं. पाहुण्याने तिला विचारलं, "या कामात तुला कोणी मदत केली?" सुभेदार दुभाषे झाले.

मिल्का म्हणाली, "माझ्या सासऱ्यांनी."

सुभेदारांनी ते इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, माझ्या सासऱ्यांनी." मग छातीवर हात ठेवून किंचित वाकले.

सिलोमन पुढे झाला आणि इंग्रजीतच म्हणाला, "साहेब, तिचे सासरे म्हणजे हारून तेली. माझे वडील नव्हेत."

पाहुण्याने सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार हसले. "मुलगा विनयी आहे. घरची स्तुती त्याला ऐकवत नाही."

पाहुण्याने ते लिहून घेतलं. बने इस्राएल अस्सल ठरले. सुभेदारांना विलायतेहून मानपत्र आलं. ते त्यांनी ओटीवर टांगलं.

सुनेला आणि मुलाला अर्थातच वाळीतून काढलं. मानपत्रात त्यांचा उल्लेख होता ना. बाकीच्यांचं काय, असं मिल्काने विचारलं.

"त्यांनी मंडळीचा हुकूम मोडलाय," सुभेदार म्हणाले. "शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

पुढच्या शनिवारी मिल्कासाठी प्रार्थनालयात पहिल्या रांगेत जागा राखून ठेवली होती. ती गेली नाही. ती आणि सिलोमन हारून तेल्याच्या पडवीत बसले. काजी तिथेच प्रार्थना म्हणत होते.

प्रार्थनालयात सुभेदारांनी रिकाम्या जागेकडे बोट दाखवून सांगितलं, "पाहा. इतकं करूनही या लोकांना सुधारणेची किंमत नाही."

तात्पर्य: मुलांनो, सुधारणा जरूर करावी. मात्र दुसरा कोणी ती करून मोकळा होईपर्यंत तिला नेटाने विरोध करावा. घाई करणारे वाळीत पडतात आणि धीर धरणाऱ्याला मानपत्र मिळतं.