एकेचाळीस पानं आणि एक दार

"गेल्या तीस वर्षांत मी एकबी कागद वाचल्याबिगर सही केला नाई!" लीलाबाई हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि ते शंभर टक्के खरं होतं! बालाघाटच्या कोर्टासमोर एका वकिलाकडे त्यांनी उभी हयात टायपिंग केलं. वकीलसाहेब तोंडानं चुकीचं कलम सांगत आणि लीलाबाईंची बोटं बरोबर कलम टाइप करत. नवं गॅस कनेक्शन घेतलं तेव्हा त्यांनी सगळा करार उंबरठ्यावर उभं राहून वाचला होता. सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस तिसऱ्या पानाला वाकला, पाचव्या पानाला खाली बसला आणि आठव्या पानाला म्हणाला, "बाई, पाणी मिलेगा क्या?"

नोकरी संपल्यावर त्यांच्या हाती मोबाइल आला आणि वाचायला दुनिया मोकळी झाली. कुठल्या कंपनीला कुठल्या देशानं दंड ठोकला, कोणतं अॅप कोणाचे फोटो चोरतं, सगळं त्यांना सकाळच्या चहाच्या आधी ठाऊक असायचं. "फुकटचं अॅप म्हन्जे खाटकानं बकऱ्याले टाकलेला पाला!" असं त्या शेजारच्या पुष्पलताबाईंना बजावत. पुष्पलताबाईंनी घाबरून फोनमधली चार अॅपं पुसून टाकली. त्यातलं एक बँकेचं होतं!

अशा बाईच्या घराला तिच्या मुलानं, रवीनं, पुण्याहून काय पाठवावं? बोट लावलं की उघडणारं कुलूप! वॉर्डात दोन चोऱ्या झाल्या म्हणून रवीला घोर लागला होता. लीलाबाईंनी सोबतची पुस्तिका वाचली, दोन ठिकाणी पेन्सिलनं खुणा केल्या आणि मगच कुलूप बसवू दिलं. तीन महिने दार शहाण्यासारखं वागलं.

आणि मग तो रविवार उजाडला.

त्या दिवशी दीपिकाला, म्हणजे त्यांच्या लेकीला, पाहायला लामता गावाहून मंडळी यायची होती. मुलगा नागसेन, नागपुरात नोकरीला. लीलाबाईंचे यजमान पुनाराम पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले होते. लीलाबाई आणि दीपिका घर झाडूनपुसून, पोह्यांची तयारी करून, कुलूप लावून पेढे आणायला गेल्या. तीन वाजता परत आल्या. लीलाबाईंनी ऐटीत बोट लावलं.

टीं टीं टीं! लाल दिवा!

"दुसरं बोट लाव, आई."

लीलाबाईंनी दहाही बोटं लावली. पायाचं लावायचं तेवढं बाकी राहिलं! इतक्यात फोन वाजला. पडद्यावर निरोप होता: आमच्या अटी बदलल्या आहेत, पुढे जाण्यासाठी सहमती द्या. खाली पाटाएवढं हिरवं बटन: 'मी सहमत आहे.' 'नाही'चं बटन शोधूनही सापडेना.

"दाबून टाक ना वो आई!" दीपिका म्हणाली.

"काहून दाबू? काय लिवलं ते तर पाहू दे!"

"किती पानं आहेत?"

लीलाबाईंनी बोटानं पडदा सरकवला. सरकवला, आणखी सरकवला. "एकेचाळीस," त्या म्हणाल्या, आणि पायरीवर पदर झटकून बसल्या. "चश्मा दे."

दीपिकाच्या अंगावर बाजारात जायचा सुती ड्रेस होता. नवी साडी आत, पोहे आत, आरसा आत! कुलपासोबत एक साधी लोखंडी किल्लीही आली होती, अडीअडचणीला वापरायची. ती डब्यात होती, डबा कपाटात होता आणि कपाट अर्थातच घरात होतं!

बाराव्या पानावर लीलाबाई ओरडल्या, "पाह्य! पाह्य! दार कितीदा उघडलं, किती वाजता उघडलं, हे आमी 'सहयोगी संस्थांना' सांगू शकतो म्हने! मी दूध घ्यायले किती वाजता निंगते, हे याईच्या कोन्या सहयोग्याले कायले पाह्यजे?"

पुष्पलताबाई कुंपणावरून डोकावल्या. "काय झालं, लीलाबाई?"

"अन् हे ऐका! भांडन झालं तर ते बालाघाटच्या कोर्टात नाई, परदेशात मिटवनार! म्हन्जे माह्यं दार नाई उघडलं तर मी इमान पकडून जाऊ?"

"नका जाऊ बाप्पा," पुष्पलताबाई म्हणाल्या, "आज पाहुणे येऊन राह्यले ना!"

एकविसाव्या पानावर तर कहर होता: दार वापरत राहिलात तर तुम्ही सगळं मान्य केलं असं समजलं जाईल. लीलाबाई ताडकन उठल्या. "घर माह्यं! दार माह्यं! चौकट माह्या नवऱ्यानं उभी केली! अन् मी आपल्याच घरात शिरले तर कंपनीचं आयकलं असं होते? नाई दाबत मी! जा!"

गल्लीतले चार-सहा जण एव्हाना जमले होते. एकानं टाळी वाजवली. लीलाबाईंना बरं वाटलं. कोर्टासमोर इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी टाइप केल्या, आज स्वतःची तक्रार स्वतःच्या तोंडानं करायला मिळत होती! पण वळून पाहिलं तर दीपिका पायरीच्या कोपऱ्यात बसून हातातल्या पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत होती. काही बोलत नव्हती. ही पोरगी रागावली की बोलायची. गप्प बसली म्हणजे रडायला आली, हे लीलाबाईंना पक्कं माहीत होतं.

दोन स्थळं आधीच मोडली होती. एकांना मुलगी जास्त शिकलेली वाटली, दुसऱ्यांना आई जास्त बोलणारी वाटली. तिसऱ्यांना आता आई दाराबाहेर दिसणार होती!

लीलाबाई खाली बसल्या. मनाशी म्हणाल्या, कोर्टात आधी दंड भरतात, मग अपील करतात. आता दाबावं, उद्या भांडावं. पण दाबायच्या आधी आक्षेप नोंदवायलाच हवा, नाहीतर उद्या अपिलात काय तोंड दाखवायचं? त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला.

"नमस्कार! मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?" मंजुळ आवाज आला. लीलाबाईंनी पाच मिनिटं आपला आक्षेप मुद्देसूद मांडला. मग कळलं की पलीकडे बाई नाहीच, यंत्र आहे!

"क्षमा करें, मैं समझ नहीं पाई. क्या आपका ताला चोरी हो गया है?"

"ताला नाई चोरी झाला, अक्कल चोरी झाली! तुमची!"

"चोरी. समझ गई. क्या आप सुरक्षा के लिए ताले को चौबीस घंटे के लिए बंद करना चाहती हैं? हाँ या ना कहें."

नेमक्या त्याच क्षणी पुष्पलताबाई कुंपणावरून ओरडल्या, "लीलाबाई, चहा आणू का वो?"

"हौ!" लीलाबाई म्हणाल्या.

"धन्यवाद! आपका ताला चौबीस घंटे के लिए पूरी तरह बंद कर दिया गया है. आपका दिन शुभ हो!"

फोन बंद. कुलपावरचा लाल दिवाही बंद. लीलाबाईंनी घाईघाईनं ते हिरवं बटन दाबायला पडदा पाहिला, तर बटनच राखाडी पडलं होतं! तीस वर्षांचं व्रत मोडायची त्यांची तयारी झाली होती आणि आता व्रत मोडायचीही सोय उरली नव्हती!

पुष्पलताबाई चहा घेऊन आल्या. लीलाबाईंनी कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी काई दाबत नसते! तत्त्व म्हन्जे तत्त्व!"

आणि ऑटो येऊन थांबला.

पुनाराम आधी उतरले. पुढं पायरीवर बायको, लेक, चहाचे कप आणि अर्धा वॉर्ड! "लीला, बाहेर काहून बसल्या तुमी?"

"जय भीम!" लीलाबाई पाहुण्यांकडे पाहून हात जोडत म्हणाल्या. "या, बसा. हवा चांगली आहे बाहेर."

मुलाचे वडील टिकाराम, मुलाची आई आणि स्वतः नागसेन, अशी तिघं होती. पुष्पलताबाईंनी धावत जाऊन घरच्या खुर्च्या आणून मांडल्या. पुनाराम बायकोच्या कानाशी लागले, "दाबून टाक ना बटन! कोन वाचते ते?"

"मी वाचते!" लीलाबाई मोठ्यांदा म्हणाल्या, आणि मग पाहुण्यांना सगळी हकीकत सांगितली, बारावं पान, एकविसावं पान, परदेशातलं कोर्ट. 'हौ'चा भाग तेवढा वगळला.

नागसेन लक्ष देऊन ऐकत होता. "काकू, मी पाहू का? माझं कामच आहे ते."

"कोनतं काम?"

"मोबाइलच्या पडद्यावर बटन कुठं असावं, केवढं असावं, कोणत्या रंगाचं असावं, ते मी ठरवतो."

दीपिकानं मान वर केली. पुनारामांनी डोळे मिटले.

"असं?" लीलाबाईंचा आवाज वकीलसाहेबांच्या उलटतपासणीसारखा झाला. "मंग 'हो'चं बटन पाटाएवढं अन् 'नाई'चं बटन मुंगीएवढं, हे तुमचं काम?"

"या कंपनीचं नाही काकू. पण... हो, अशीच बनवतो."

"काहून?"

"साहेब सांगतात म्हणून. पगार घेतो ना." नागसेन ओशाळून हसला. "पण आईच्या फोनवर मी स्वतः बसून सगळ्या परवानग्या बंद केल्या. विचारा तिला."

"हौ जी," नागसेनची आई म्हणाली, "इतक्या बंद केल्या का आता फोनबी लागत नाई!"

पहिल्यांदा दीपिका हसली. फिसकन हसली आणि पेढ्यांचा पुडा तोंडापुढं धरला. नागसेन तिच्याकडे पाहतच राहिला आणि त्या भरात त्यानं लीलाबाईंचा फोन हातात घेतला. लीलाबाईंना नको म्हणायची सवडच मिळाली नाही!

"काकू," तो हळूच म्हणाला, "यात तर लिहिलंय की कुलूप तुमच्याच सांगण्यावरून चौबीस... म्हणजे चोवीस तास बंद ठेवलंय. तीन वाजून एकतीस मिनिटांनी. तुम्ही 'हौ' म्हणालात."

सगळ्यांच्या माना लीलाबाईंकडे वळल्या. पुष्पलताबाईंच्या हातातली किटली जागच्या जागी थांबली.

दुसरी कोणी असती तर जमिनीत गेली असती. लीलाबाईंनी पदर खोचला. "हौ! मीच म्हटलं! दार माह्यं आहे, मी बंद करीन नाईतर उघडीन! फकिराले बलवा!"

फकिरा सुतार चार घरांपलीकडे राहायचा. तो पेचकस, हातोडी आणि एक मोठा खिळा घेऊन आला. कुलपाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं, त्यामुळं कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, बाहेरच होत्या. फकिरानं खालून खिळा लावला आणि हातोडी मारली. टक! एक दांडी निघाली. टक! दुसरी. टक! तिसरी. मग पेचकस फटीत घालून त्यानं दार कब्ज्यांच्या बाजूनं उचकटलं आणि पुनारामांच्या मदतीनं अख्खं उचलून पडवीत आडवं ठेवलं. चार मिनिटं लागली असतील!

"बस?" पुनाराम म्हणाले.

"बस," फकिरा म्हणाला. "कुलूप अजून बंदच आहे, बाई. त्याले हात नाई लावला मी."

लीलाबाई उंबरठा ओलांडून आत गेल्या. एकाही अटीला मान्यता न देता! गल्लीनं अशी टाळी वाजवली की कोपऱ्यावरची कुत्री भुंकू लागली. टिकाराम आपल्या बायकोला म्हणाले, "बाई खमकी आहे." बायको म्हणाली, "मले आवडली. आपल्याकडं कोनी कोनाले काई विचारतच नाई."

घर लहान आणि माणसं वीस! म्हणून फकिरानं तेच दार दोन ड्रमांवर ठेवलं आणि त्यावर पोह्यांच्या बशा मांडल्या. दीपिका साडी नेसून आली. सगळे पोटभर पोहे खात होते तेव्हा मोठ्यांनी ठरवलं की मुलांना थोडं बोलू द्यावं. दोघं आतल्या खोलीत गेली.

लीलाबाई घड्याळ पाहत होत्या. पोरगी नोकरीचं विचारेल, लग्नानंतर शिकायचं विचारेल, नागपुरात घर कोणाच्या नावावर ते विचारेल. तासभर तरी जाईल. आपलीच लेक आहे!

सहाव्या मिनिटाला दोघं बाहेर आली. नागसेनचे कान लाल झाले होते.

लीलाबाईंनी दीपिकाला शेगडीपाशी ओढलं. "काय काय विचारलंस?"

"काई नाई."

"काई नाई?"

"त्यानं विचारलं, पसंत आहे का. मी म्हटलं, आहे."

"अवो पण काई अटी? काई चौकशी? आयुष्याचा सवाल आहे, असं कोनी करते का?"

पुनाराम मागे उभे राहून पेढा खात होते. ते म्हणाले, "काहून ओरडून राह्यली तिच्यावर? तू तरी लग्नाच्या आधी मले काय विचारलं होतं?"

लीलाबाईंनी त्यांच्याकडे नखशिखांत पाहिलं.

"काईच नाई विचारलं!" त्या म्हणाल्या. "तवापासूनच तर सगळं वाचाले लागली!"