मिनिटकाकांचा संथांक

मिनिटकाकांना संथ होण्यासाठी परदेशी पाठवण्याचा आदेश निघाला आणि त्यात ‘विनाविलंब रुजू व्हावे’ ही ओळ अधोरेखित केलेली होती.

काका बस डेपोत चौतीस वर्षं वेळापत्रक अधिकारी होते. हे टोपणनाव तिथलंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच काम घरी सुरू ठेवलं. दूध किती वाजता तापतं, मावशी भांड्यांना किती वाजता येतात, शेजारचे आजोबा पहिली शिंक किती वाजता देतात, सगळ्याची नोंद. एके दिवशी काकू फोडणी घालत असताना मागून आवाज आला, “कालच्यापेक्षा दोन मिनिटं उशीर.” काकूंनी गॅस बंद केला आणि हात पुसत बाहेर आल्या.

“हे बघा. एक तर तुम्ही हळू व्हा, नाही तर मी बहिणीकडे राहायला जाते. आणि तोंडी आश्वासन नको. मला कागद पाहिजे.”

असा कागद देणारी संस्था लेकीनं शोधून काढली. तिचं नाव संथ जीवन स्वयंसेवा मंडळ. परदेशातल्या एखाद्या निवांत गावात सहा महिने विनामोबदला काम करायचं, तिथल्या लोकांकडून संथपणा शिकायचा आणि प्रमाणपत्र घेऊन परत यायचं. प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं, पण सभागृह एका लग्नाला दिलेलं असल्यानं ते पाच तासांत उरकण्यात आलं. ‘श्वास सावकाश घ्या’ हे सत्र वेळेअभावी रद्द झालं. शेवटी प्रत्येकाच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. त्यात वेळ दिसत नसे, फक्त एक आकडा दिसे. चालण्याचा वेग, नाडीचे ठोके आणि दाराकडे बघण्याची वारंवारता यांवरून तो निघायचा, आणि मंडळ त्याला संथांक म्हणायचं. पंच्याहत्तर झाला की प्रमाणपत्र. विमान उतरलं तेव्हा काकांचा संथांक नऊ होता, कारण ते थांबायच्या आत काका बॅग काढायला उठले होते. उठले सगळेच होते, पण तुकडीतले बाकीचे दुसऱ्या गावांना गेल्यानं त्या विमानात घड्याळ एकट्या काकांच्या हातात होतं.

काकांची नेमणूक व्हीलचेअर दुरुस्तीच्या कारखान्यात झाली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, छताला टांगलेली चाकं, पत्र्याच्या डब्यांत आरे आणि बेअरिंग, आणि मधोमध मिस्त्री. दुरुस्तीला खुर्ची आली की मिस्त्री आधी माणसाला बाकावर बसवत आणि चौकशी करत. घराचा उंबरा केवढा, कोणत्या बाजूला कलून बसता, खिडकी कुठल्या हाताला आहे. मग पान्याला हात लावत.

“किती वेळ लागेल?” पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं.

“कशाला?”

“या कामाला.”

“झालं की कळेलच ना साहेब,” मिस्त्री म्हणाले. “आपण इथेच आहोत.”

काकांनी वहीत लिहिलं: स्थानिक लोक अत्यंत संथ. वास्तविक त्या दिवशी सहा खुर्च्या बाहेर पडल्या होत्या आणि त्यांतली एकही परत आली नाही. पण वहीत ‘परत न आलेल्या’ असा रकानाच नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका भाजीवाल्याच्या हातगाडीवर बसून आल्या. एका बाजूला कोबी, दुसऱ्या बाजूला मोडकी खुर्ची आणि मध्ये ताठ मानेनं बाई.

“चाकांचा आस वाकलाय,” बाई म्हणाल्या. “आणि मला चौदा तारखेच्या आत पाहिजे. वर चढाच्या टोकाला माझी धाकटी बहीण राहते. आठ महिने भेट नाही. तिचे गुडघे उतरू देत नाहीत आणि माझी खुर्ची चढू देत नाही. चौदाला पावणेबाराला तिचा मुलगा तिला कायमचं दुसऱ्या शहरात नेतोय.”

“या हातगाडीवरून जा की,” काका म्हणाले.

“एकदा गेले. अर्ध्या चढावरून मी आणि कांदे बरोबरच खाली आलो.”

“मग भाच्याला सांगा, जाताना पाच मिनिटं गाडी इकडे आण म्हणून.”

“सांगितलं. तो म्हणतो, मावशी, मला वेळ नाही.”

मिस्त्रींनी आस हातात फिरवून पाहिला. “बारा तारखेपर्यंत होईल. निर्धास्त राहा.”

त्याच दुपारी मंडळाच्या समन्वयक मॅडमचा फोन आला. “काका, संथांक अकरा? तुमच्या तुकडीतले लोक साठच्या पुढे गेलेत. तिथल्या लोकांकडून काही शिका. महिनाअखेर सुधारणा दिसली नाही तर आम्हाला लवकरात लवकर निर्णय घ्यावा लागेल.”

काकांपुढे काकूंचा चेहरा उभा राहिला. काका नेटानं कामाला लागले. माणसाला शिस्त लागली की तो कशातही प्रावीण्य मिळवतो, ही डेपोची शिकवण होती. त्यांनी ‘मंदगती नोंदवही’ सुरू केली. पंक्चरला किमान दोन दिवस. आरा बदलायला तीन दिवस. वंगण घातल्यावर चिंतनासाठी अर्धा दिवस. ठरल्यापेक्षा लवकर काम झाल्यास लेखी खुलासा.

“साहेब, हे काय आहे?” मिस्त्रींनी वही लांब धरून वाचली.

“तुमचीच पद्धत. फक्त व्यवस्थित बसवली.”

“पण मी पंक्चर पंधरा मिनिटांत काढतो.”

“ते वाटतं तुम्हाला. तुमचा मूळ स्वभाव संथ आहे. मंडळाच्या पुस्तिकेत आहे तसं.”

मिस्त्रींनी तसं मंडळाच्या पुस्तिकेत खरंच आहे का हे पाहून घेतलं, आपला फोटोही पाहिला (खाली ‘कालातीत कारागीर’ असं छापलं होतं) आणि तो दोन मिनिटं न्याहाळत बसले. ती दोन मिनिटं काकांनी चिंतनात जमा केली.

संथांक वाढू लागला. तीस, अठ्ठेचाळीस, त्रेसष्ट. मंडळानं अभिनंदनाचं पत्र पाठवलं, सोबत परिपत्रक होतं: ‘सदर कारखान्याची मंदगती कार्यप्रणाली सर्व केंद्रांवर तातडीने लागू करण्यात येत आहे. दुरुस्त झालेल्या वस्तूस तीन दिवसांचा विश्रांतिकाल अनिवार्य राहील. तयार वस्तूंच्या खोलीची किल्ली स्वयंसेवकाकडे असावी.’

बाईंची खुर्ची बारा तारखेला दुपारी तयार झाली. मिस्त्रींनी ती स्वतः बसून, कोपऱ्यावर वळवून, ब्रेक लावून पाहिली. काकांनी ती तयार वस्तूंच्या खोलीत ठेवली, कुलूप लावलं आणि नोंद केली: विश्रांती, पंधरा तारखेपर्यंत.

“खुर्ची दमली का?” मिस्त्रींनी विचारलं.

“नियम आहे.”

“तिच्यावर लोक बसणार साहेब. ती नाही कुणावर बसणार.”

चौदाला सकाळी काकांचा संथांक एकाहत्तर होता. दिवसभर खिडकीत बसून राहिलं तर संध्याकाळपर्यंत पंच्याहत्तर नक्की. साडेदहाला बाईंना घेऊन हातगाडी आली; आधीचे दोन दिवस भाजीवाल्याला वेळ नव्हता. मिस्त्रींनी बाईंना धरून बाकावर बसवलं आणि परिस्थिती सांगितली. बाई चिडल्या नाहीत. तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस चिडण्याआधी समोरच्याला एक संधी देतो.

“उद्या मिळेल?” त्यांनी विचारलं.

“उद्या नक्की,” काका म्हणाले. “सकाळी पहिलं काम तुमचं.”

“उद्या ती इथे नसेल.”

काकांनी वही उघडली, पान उलटलं, परत मागे घेतलं. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या होत्या, आणि काका त्या घड्याळाकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते. मनगटावर बहात्तर उमटलं.

“तुम्ही आधी काय काम करत होता?” बाईंनी विचारलं.

“डेपोत होतो. गाड्या सोडायचो. वेळेवर.”

“मग ही एक सोडा.”

काकांनी वर पाहिलं. अकरा एकतीस. नऊशे मीटर चढ, दोन वळणं, एक माणूस बसलेला. चौतीस वर्षांत जो हिशेब एकदाही चुकला नव्हता तो डोक्यात आपोआप पुरा झाला. चालत गेलं तर गाडी चुकते. किल्ली कुलपात फिरली.

मिस्त्रींनी बाईंना खुर्चीत बसवलं. काकांनी दांडे धरले आणि पळत सुटले. पहिल्या वळणावर मनगट किंचाळायला लागलं: पन्नास. दुसऱ्या वळणावर एकवीस. माणसं दुकानांतून बाहेर आली. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, “डावीकडे धरा, तिथे खड्डा आहे.” चढाच्या टोकावर पोचले तेव्हा अकरा एकेचाळीस झाले होते, आणि घड्याळात उणे चार हा मंडळाच्या इतिहासातला पहिलाच उणे आकडा आला होता.

गाडीचं इंजिन सुरू होतं. बहीण मागच्या सीटवर, दार उघडं. भाच्यानं स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हटलं, “मावशी, चारच मिनिटं हं.” काकांनी खुर्ची दाराला लावली, ब्रेक लावला आणि पाठ फिरवून उभे राहिले. धाप लागली होती. तेवढ्यात फोन.

“काका, कुठे आग लागली आहे का?” समन्वयक मॅडम.

“नाही. गाडी सुटत होती.”

“तुम्हाला कुठे जायचं होतं?”

“मला नाही.”

“मग तुम्हाला घाई कसली?”

काकांनी फोन बंद करून खिशात ठेवला. कारणे दाखवा नोटिशीच्या खुलाशात त्यांनी ‘घाईचे कारण’ हा रकाना कोरा सोडला. प्रमाणपत्र नाकारण्यात आलं आणि ‘स्वयंसेवकास तात्काळ परत बोलावण्यात यावे’ असा शेरा पडला. तो आदेश निघायला अकरा आठवडे लागले, कारण सही करणारे अधिकारी गतिमान प्रशासन कार्यशाळेला गेले होते. त्या अकरा आठवड्यांत काकांनी मिस्त्रींच्या हाताखाली एकशे चार खुर्च्या दुरुस्त केल्या. त्यांतली एकही परत आली नाही. हा रकाना त्यांनी वहीत स्वतः आखून घेतला.

घरी काकूंनी दार उघडलं. “कागद?”

“नाही मिळाला.”

काकूंनी पिशवी भरलेलीच ठेवली होती. पण बहिणीकडे निघण्याआधी रीत म्हणून त्यांनी विचारलं, झालं तरी काय. काका स्वयंपाकघरात पाटावर बसून सांगू लागले. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं तेव्हा दोघांपैकी कोणालाच वेळ सांगता आली नाही. पिशवी काकूंनी नंतर रिकामी केली.

पुढे सोसायटीनं काकांचं व्याख्यान ठेवलं: ‘संथपणातील माझे अपयश’. सात मिनिटं दिली होती. काका चढाच्या टोकावर पोचले, भाचा ‘चारच मिनिटं’ म्हणाला, आणि अध्यक्षांनी घंटी वाजवली. मग प्रश्नोत्तरं झाली. शनिवार-रविवारात उरकणारा वर्ग आहे का? ते घड्याळ घरपोच मिळतं का? जेवून-खाऊन किती दिवसांत पंच्याहत्तर होतात?

त्या चार मिनिटांत दोघी बहिणी काय बोलल्या, हे कोणी विचारलं नाही. काकांनी पाठ फिरवली होती, कान उघडेच होते. काकूंना त्यांनी ते शब्दशः सांगितलं होतं.

इथेही लिहिणार होतो. पण अजून किती राहिलंय म्हणून तुम्ही मघाशीच खालच्या ओळी मोजून घेतल्यात. तेव्हा राहू द्या, तुमची गाडी चुकायची.