जवारी कुठं झोपते?

भुजंगमामा कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी एकच प्रश्न विचारतात : "जवारी कुठं झोपते, अन् तुमी कुठं झोपता?"

माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तिथंही त्यांनी तो विचारला. मी बी.एस्सी., केमिस्ट्री. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. बैठकीत बोलायला कुणी जाणतं हवं म्हणून मामांना नेलं. ते माझे सख्खे मामा नाहीत. आदिलाबादेत मावल्याजवळच्या धान्याच्या गोदामात मी माल तपासतो, ते धुरी देतात, आणि सगळं गोदाम त्यांना मामाच म्हणतं. पोहे आले, मुलगी आली, आणि मामांनी मुलीच्या बापाला विचारलं, "जवारी कुठं झोपते?" बापाला वाटलं, आपल्या धाकट्या पोरीबद्दल कुठून काहीतरी ऐकून आले. तो उभाच राहिला. म्हणाला, "आमच्यात जवारी नावाचं कोणी नाही." सोयरीक तिथंच मोडली.

परतताना बसमध्ये मी तोंड फिरवून बसलो. मामा म्हणाले, "नाराज काऊन होऊन राह्यला? त्यायची कोठी भाईरच्या खोलीत हाय. पाह्यली मी. माणसं चांगली व्हती."

धुरी हा आपला बोलायचा शब्द. धूर काही नसतो. असते ती गोळी, करड्या रंगाची, अंगठ्याच्या नखाएवढी. ॲल्युमिनियम फॉस्फाइड. बंद डब्यात ती गरीब असते. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि पोत्यांच्या पोटात शिरतो. मग किडा, उंदीर, माणूस, कुणाचीच ओळख ठेवत नाही. वास लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा येतो. पण वास नाही म्हणजे वायू नाही, असं समजणारा माणूस फसतो. पाणी मारून विझवू म्हटलं तर आणखीच जोरात उठतो.

डब्यातला इंग्रजी कागद मी मामांना मराठीत वाचून दाखवला होता. "याला उतारा नाही," मी म्हणालो.

"लिंबाचा बी नाही?"

"मामा, तो उतारा नव्हे."

"मले समजते रे. तुले समजते का, ते पाहून राह्यलो."

ताडपत्री झाकण्याआधी मामा हाजिरी घेतात. हमालांची तर घेतातच, गोदामातल्या तीन मांजरांचीही नाव घेऊन घेतात. कंटाळलेला एखादा हमाल पोत्यांमागून म्यांव करतो. मामांवर त्याचा परिणाम होत नाही. मांजर डोळ्यांना दिसलं पाहिजे, तोवर ट्रक उभा राहो की मॅनेजर ओरडो.

दारावर तेलुगूत पाटी आहे : प्रमादम्. म्हणजे धोका. एकदा मी माझी डिग्री वापरली. म्हटलं, "मामा, गंमत पाहा, आपल्या मराठीत प्रमाद म्हणजे चूक."

मामा पाटीकडं बघत राहिले. "येकच हाय," म्हणाले.

मला ते अडाणीपण वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं.

दरवर्षी नवी जवारी घरात आली की मामा रजा टाकून गावाला जातात, इचोड्याहून आत. यंदा मलाही ओढलं. "तू शिकेल हाय. तुह्यं आयकतील."

कुणी ऐकलं नाही. गावात शिरलो तेव्हाच पारावरून आवाज आला, "आले पाह्य गॅसवाले." एक म्हातारा म्हणाला, "भुजंगा, आमची जवारी बाजेवर झोपते, आमी खाली." सगळे हसले. मामाही हसले आणि त्याच्या घरात शिरले.

एका घरात भिंतीला पोती लावलेली आणि पोत्यांना लागून पाळणा. गोळ्या चारच दिवसांपूर्वी टाकलेल्या. मी इस्तरीचा शर्ट सावरून पाळण्यातल्या बाळाच्या आईला सगळं सांगितलं. वायू छातीत गेला की काय होतं, हृदय कसं बंद पडतं, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "चार वर्सं झाले टाकून राह्यलो, काई नाई झालं," म्हणाली. मग माझ्याकडं पाहून, "शिकलेल्या माणसाच्या जवारीले किडे नाई लागत, भाऊ."

मामांनी हात जोडले. "बाई, पोतं नको हालवू. पाळणा तेवढा भाईर घे."

तिनं पाळणा बाहेर घेतला. गल्लीच्या वळणावर मामा म्हणाले, "आपुन गेलो का पुन्हा तिथंच नेईन थे."

शेवटी एक घर राहिलं. मामा विजेच्या खांबाशी थांबले. "त्या घरात तू एकला जाय."

ओसरीत जवारीच्या पोत्याला टेकून पन्नाशीची बाई तूर निवडत बसली होती. मी ठरलेला प्रश्न विचारला. ती हसली नाही.

"भुजंगानं धाडलं?"

"हाव. ओळखता तुमी मामाले?"

"भाऊ हाय माहा."

तिचा हात सुपात फिरतच होता. मी न विचारता तिनं सांगितलं. पूर्वी तिच्या जवारीला दरसाल कीड लागायची. भाऊ गोदामात. दिवाळीला त्यानं साडीसोबत रुमालात बांधून गोळ्या आणल्या. कशा टाकायच्या, कसं झाकायचं, हात लावायचा नाही, सगळं समजावलं. पुढं ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्याच्याच घरी आदिलाबादला गेली. थंडीचे दिवस. इकडं नवरा आणि पोरगी दार लावून रोजच्या जागी झोपले, जवारीच्या खोलीत.

"तिथं झोपू नका, येवढंच राह्यलं सांगाचं," ती म्हणाली. "त्याच्या गोदामात कोणी झोपत नाही ना. ध्यानात कसं येईन त्याच्या?"

"मंग आत काऊन नाही बोलवत त्यायले?"

"मी कवा नको म्हटलं? थोच येत नाही. दरसाल कोणाले तरी धाडते. मी भाकरी टाकून ठेवतो."

चुलीजवळ टोपलीत भाकरी होत्या, फडक्यानं झाकलेल्या.

मी बाहेर आलो. "मामा, ताईनं भाकरी केल्या हायत. चला."

मामांनी खांबावरचा हात काढला नाही. "जवारी?"

"ओसरीत हाय. गोळ्या नाहीत."

"किती पोते?"

"एक."

"येकच?"

"हाव."

"पहिले तीन लागत," मामा म्हणाले, आणि बसच्या रस्त्याला लागले.