दुसऱ्या घंटेचे उच्चाटन

सुज्ञ वाचकहो, एका विदुषीने केवळ चार ओळी पुसून अख्खी कचेरी कशी जागी केली, तो वृत्तांत यथामती सादर करीत आहे. सदर विदुषी माझी अर्धांगी होय, हे आरंभीच नमूद करणे मला भूषणावह वाटते!

"आज ओळी पुसून नोकरी कायम करते!" सकाळी चप्पल घालता घालता ती गरजली.

"पुसून? लोक लिहून करतात गं!"

"तुम्हाला नाही कळायचं!"

प्रकार असा होता. कचेरीतील नेटवर्क कार्डात बिघाड झाला की मुख्य प्रणाली त्याची वर्दी देई आणि यंत्रखोलीत घंटा वाजे. मागोमाग कार्ड चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम तीच वर्दी पुन्हा देई, पुन्हा घंटा! ड्रायव्हरमधील या चार निरर्थक ओळी तिने सफाईदारपणे काढल्या. बदल निर्विघ्न चालला, तर साहेब तिला कायम करणार होते.

दुपारी कार्डाने मान टाकली. घंटा झाली. एकदाच!

यंत्रखोली सांभाळणारे मामा कपात बिस्कीट बुडवून समाधिस्थ बसले होते. फोन खणखणला.

"मामा, नेटवर्क गेलं!"

"दुसरी होऊ द्या की!"

बिस्कीट विरघळले, दुसरी घंटा होईना. मजल्यामजल्यावरचे संगणकांचे पडदे गोठले. अखेर साहेब वादळासारखे आत शिरले.

"बाई, घंटाच बिघडवलीत! आता कायमचं विसरा!"

 परंतु तिने आधी प्रणालीतील नोंद पाहिली. वर्दी चोख आली होती.

"मामा, पहिली ऐकली होतीत?"

"ऐकली की पोरी! पहिलीला चहा संपवायचा, दुसरीला उठायचं. रीतच आहे ती!"

"आणि साहेब, तुम्ही?"

साहेबांचे कान जांभळे झाले. "मी... म्हणजे... दुसरीचीच वाट बघत होतो. बाई, ती परत घाला बरं!"

"तेच दोनदा सांगून बिघाड लवकर दुरुस्त होत नाही, साहेब. घंटा ठीक आहे. मामांना उठवा."

काय ते धैर्य! मामा उठले, कार्ड बदलले, पडदे हलले. साहेबांनी सही केली. नोकरी कायम!

तेव्हापासून तिने घरातही सुधारणा आरंभली आहे. पूर्वी "जेवायला चला" या पहिल्या हाकेला मी पेपर उलटत असे आणि दुसरीला उठत असे. आता हाक एकच येते. ती मघाशी येऊन गेल्याचे अंधुक स्मरते. आतून ताटे उचलल्याचा आवाज येत आहे, सबब येथेच थांबतो. आपण इथवर वाचलेत, मनःपूर्वक आभार!

आपला नम्र,
विदुषीचा यजमान
(मेहुण्याने हल्ली ठेवलेले नाव : दुसरी हाक)