तारामतीचे हिमोग्लोबिन

तारामतीचे हिमोग्लोबिन नवव्या प्रकरणात सात होते. चौदाव्या प्रकरणात ते तेरा झाले. या काळात तिचा नवरा घरी नव्हता.

तारामती ही लातूर जिल्ह्यातील मुरुडच्या दामिनीताईंच्या पहिल्या कादंबरीची नायिका. वय तीनशे, विवाहित, व्हॅम्पायर. कादंबरी छापण्याची जबाबदारी गावच्या वाचक मंडळाने स्वीकारली होती. मात्र शास्त्रीय चूक निघाल्यास हस्तलिखित परत करायचे, असा ठराव होता. मी लातूरला रक्त तपासणीची प्रयोगशाळा चालवतो (व्हॅम्पायर नसतात, या मताचा आहे), म्हणून चौकशी माझ्याकडे आली.

मंडळाने या कादंबरीवर घेतलेले कष्ट कौतुकास्पद आहेत. मूळ मसुद्यात तारामती भूक लागली की समोर येईल त्याला चावत असे. मंडळाने तिला वळण लावले. सुधारित नियमांनुसार तिचा नवरा तालुक्यातील कोणत्याही स्त्रीच्या मानेचा चावा घेऊ शकतो. त्यास प्रणय म्हणावे. तारामतीने मात्र फक्त नवऱ्यालाच चावावे. त्यास संसार म्हणावे. पुरुष पुरुषाला चावल्यास ती कुस्ती समजावी. (नवराही व्हॅम्पायर, म्हणजे मृत असल्याने त्याच्या अंगात स्वतःचे रक्त नाही. ही बाब किरकोळ ठरवण्यात आली.)

मी अध्यक्ष शेषेरावांना कारण विचारले.

"डॉक्टरसाब, पुस्तक घरात लेकीसुना वाचतेत. बाईमाणसानं परक्या गड्याच्या मानेला तोंड लावलेलं बरं दिसतं का?"

"आणि नवऱ्याने परक्या बाईच्या?"

"त्येचं काय! गडी माणूस हाय त्यो. फिरतीवर असतोय."

या वळणामुळे तारामती नवव्या प्रकरणात चक्कर येऊन पडते, हे शास्त्राला धरून आहे. त्यानंतर तिचे गाल भरतात आणि ती एका रात्रीत गल्लीभरच्या कुरडया घालते, हे नाही.

सर्व शक्यता तपासल्या. गूळ-शेंगदाणे: व्हॅम्पायरला पचत नाहीत. लोहाच्या गोळ्या: सूर्यास्तानंतर दवाखाना बंद. लपून आणलेला पुरुष: मंडळाच्या सदस्यांनी केवळ याच हेतूने हस्तलिखित दोनदा वाचले, सापडला नाही. (काहींना वाईट वाटल्याचे दिसले.)

अखेर मी लेखिकेलाच गाठले.

"दामिनीताई, रक्त येते कुठून?"

"सर, दहावं प्रकरण वाचलं की न्हाई तुम्ही? शेजारी वर्षाराणी राहायला येते, औशाची."

"ती उवा काढून घ्यायला येते ना?"

"उवा मंडळाला दिसल्या. म्या लिहिल्या न्हाईत." त्या पुढे म्हणाल्या, "खरं लिहाल तर पुस्तक परत येईल, सर. चार वर्षं घातली म्या त्यात."

मी प्रकरण पुन्हा वाचले. वर्षाराणी दार लावते, स्वतःच वेणी बाजूला सारते. तारामती विचारते, "दुखलं तर?" वर्षाराणी म्हणते, "दुखू दे की. लाजतीस काय, तीनशे वर्षांची घोडी!" संपूर्ण कादंबरीत चाव्यापूर्वी समोरच्याला विचारण्यात आल्याची ही एकमेव नोंद आहे. मंडळाच्या नियमांत स्त्रीने स्त्रीला चावण्याविषयी काहीही नाही. ती शक्यता कोणाला सुचली नव्हती.

खोटा अहवाल मला देता येत नाही. मी लिहिले: "रक्त वर्षाराणीचे. दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे."

शेषेरावांनी ते मंडळासमोर मोठ्याने वाचले. दामिनीताईंनी डोळे मिटून घेतले.

"वा!" शेषेराव गहिवरले. "ह्येला म्हणायचं शेजार! आमच्या गल्लीत वाटीभर साखर मागितली तर बाया तोंड फिरवतेत. छापा!"

कादंबरी छापून आली. दहाव्या प्रकरणाचे जाहीर वाचन हळदीकुंकवाला झाले. पुरुष बाहेर चहा घेत बसले होते. आत बायका बराच वेळ हसत होत्या.

निष्कर्ष असा: तारामती बरी झाली, कारण वर्षाराणी तिच्यावर प्रेम करते आणि ती वर्षाराणीवर. आपण इतका वेळ ज्या पुरुषाचा माग काढत होतात, तो कादंबरीत नाही.