मामींचे बूट

गणपतमामा रस्त्यात भेटले की आधी आपल्या हातातली पिशवी काढून घेतात. नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा मदत करतोय. मामा पिशवी एकदा वर उचलतात, "सव्वातीन किलो" म्हणतात आणि परत आपल्या हातात देतात. संपलं.

जन्मभर हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळद मोजली त्यांनी, मापाडी म्हणून. हाताचाच काटा झालाय. मोंढ्यात 'एक' म्हणून मोजायला सुरुवात करत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मामा अजून जिने चढतानासुद्धा लाभ, दोन, तीन करतात. आणि दुसरा शब्द बारदाना. म्हणजे रिकामं पोतं. मालाच्या वजनातून पोत्याचं वजन वजा करायचं, एवढाच त्याचा उपयोग. मामांनी मात्र सगळी दुनिया माल आणि बारदाना अशी वाटून टाकलीय. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा निरोपाला चांगला अर्धा तास बोलले. बाहेर आल्यावर म्हणाले, "भाषण ब्येस झालं मास्तरीणबाई. बारदाना जरा जास्त व्हता." आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

तर आम्ही थायलंडला जायचं ठरवलं. ग्रुप टूर, बावीस माणसं. आमच्या गल्लीतून मी आणि हे, मामा आणि मामी. खरी हौस मामींची. औंढा, नरसी, फार तर नांदेडला गोदावरी, एवढीच त्यांची दुनिया. समुद्र कधी पाहिला नव्हता. पाच वर्षं मामांच्या मागे लागल्या होत्या, मरायच्या आधी एकदा समुंदर दाखवा म्हणून. टूरसाठी जन्मात पहिल्यांदा बूट घेतले, निळे, कापडी. लुगड्याखाली ते बूट घालून रोज संध्याकाळी गल्लीत चालायची प्रॅक्टिस. पोरं हसायची, मामी त्यांच्यापेक्षा जास्त हसायच्या.

आणि निघायच्या दहा दिवस आधी न्हाणीघरात घसरल्या. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर.

मामा म्हणाले, मी पण जात नाही. मामींनी ऐकलं नाही. लेकीला बोलावून घेतलं आणि मामांना म्हणाल्या, "तुमी बघून या. आन मला येऊन सांगा, कसा राहातो त्यो." मामा कबूल झाले खरे, पण दोन दिवस कुणाची पिशवी उचलली नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या घरी हजर. मी बॅग भरून ठेवली होती. वीस किलोची मर्यादा. मामांनी उचलली. "तेवीस." घरातल्या काट्यावर ठेवली, तेवीस. मग माझ्याच पलंगावर बसून त्यांनी माझी बॅग उपसली. चिवडा बाहेर, लोणच्याची बरणी बाहेर, इस्त्री बाहेर, पाच साड्या बाहेर.

"काहून एवढं? तिथं लोकं जेवत न्हाईत व्हय?"

मी म्हटलं, फोटोत रोज तीच साडी दिसेल. म्हणाले, फोटो माणसाचा काढायचा, बारदान्याचा नाही. माझा संताप झाला. ह्यांना हसू आवरेना, ते वेगळंच.

त्यांची तयारी बघायला मीही मुद्दाम गेले. मोंढ्यातली कापडी पिशवी. दोन शर्ट, दोन पायजमे. टॉवेल मधोमध कापून अर्धाच घेतलेला. ब्रशची दांडीसुद्धा अर्धी मोडलेली. आणि तळाशी मामींचे निळे बूट.

"अहो मामा, हे मामींचे आलेत चुकून."

"साडेपाचशे ग्रॅम हाये," मामा म्हणाले. "राहू द्या."

ब्रशची दांडी जड होते आणि बूट होत नाहीत! मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, मामांचा काटा बिघडला.

थायलंडात मामा खुशीत होते. गाइड रोज बसमध्ये माणसं मोजायचा आणि चुकायचा. शेवटी ते काम मामांकडे आलं. लाभ, दोन, तीन... बावीसवर थांबायच्या ऐवजी एकवीसवर थांबायचं, तेवढं त्यांना जड जायचं.

चौथ्या दिवशी समुद्र. सगळे फोटो काढण्यात दंग. मामा पिशवीतून बूट काढून सरळ पाण्यात शिरले, कमरेपर्यंत. आमच्याकडे तीर्थाला गेलं की घरी राहिलेल्या माणसाच्या नावाची एक बुडी मारतात. मामांनी बूट छातीशी धरले, "लाभ" म्हणाले आणि बुडी मारली. मग "दोन" म्हणून दुसरी, स्वतःची. गोरी माणसं बघत राहिली. बाहेर येऊन त्यांनी बूट ओल्या वाळूत शेजारी शेजारी मांडले, तोंडं पाण्याकडे करून. आणि बाजूला बसून राहिले. लाट येऊन बूट भरून गेली तरी उचलले नाहीत. बस सुटायची वेळ झाली, मी हाक मारायला गेले आणि बुटांच्या पलीकडे मीही टेकले.

परत आल्यावर मी त्यांच्यासोबतच घरात गेले. मामी खाटेवर, प्लॅस्टरचा पाय उशीवर. "सांगा की, कसा राहातो समुंदर?"

मामा पिशवीतून बूट काढून पुढे आले. खाली बसले आणि मामींच्या धडक्या पायात डावा बूट चढवला.

"खरखरतंय," मामी म्हणाल्या.

"त्येचीच वाळू हाये. तुझ्या पायाखालची."

मामी आत बोटं हलवत राहिल्या. रडायला आलं की माझी जीभ चालते, म्हणून म्हटलं, "काय मामा, बारदाना वाढवून आणलात की."

मामांनी उजवा बूट हातावर तोलला. "बारदाना न्हाई, मास्तरीणबाई. माल हाये."

मामींनी तो बूट त्यांच्याकडून मागून घेतला आणि उशाशी ठेवला. लेकीला बजावलं, प्लॅस्टर निघेपर्यंत ह्याला कुणी झाडायचं नाही.